शब्दचर्चा : अझांदेंचा ‘मंगू’ – चेटूक म्हणायचं, करणी की दृष्ट?

इव्हान्स-प्रिचर्ड हा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ १९२६ ते १९३० या काळात अधूनमधून असा एकूण वीसेक महिने अझांदे लोकांमधे राहिला, म्हणजे आजच्या दक्षिण सुदानमधे. त्याच्या तिथल्या राहण्याबद्दल मी मराठीत एक मोठा लेख लिहितेय आणि पहिल्याच पानावर एका शब्दाशी अडलेय. शब्द आहे ‘मंगू’. त्याने १९३७ च्या पुस्तकात याला विचक्राफ्ट म्हटलंय, आपले शब्दकोश विचक्राफ्टला चेटूक, जादूटोणा देतात आणि तिथेच सगळं बिनसतं. कारण चेटूक म्हटलं की आपल्याला अमावास्या, स्मशान, लिंबू-टाचण्या दिसायला लागतात आणि अझांदेंचा मंगू इतका रोजचा आहे की विचारू नका. भुईमुगाला कीड लागली, मंगू. दिवसभर रान तुडवून शिकार नाही, मंगू. बायको गाल फुगवून बसलीय, मंगू. राजाने नीट बोलणं केलं नाही, तरी मंगू. आणि त्यात भीती कमी आणि चीडच जास्त, ‘कोण मेला माझ्या वाईटावर टपलाय’ अशी. इव्हान्स-प्रिचर्डला स्वतःला या विषयात मुळात रस नव्हता, तो म्हणतो की अझांदेंना होता म्हणून मी त्यांच्या मागे गेलो. मला हीच गोष्ट लेखात आणायचीय, आणि चेटूक शब्दाने ती मरते असं मला मनापासून वाटतं. करणी चालेल का? की दृष्ट?

प्रतिसाद :

ताई, करणी तर अजिबातच नको. करणी ही ‘केली’ जाते, शब्दातच करणं आहे, कुणीतरी ठरवून, काहीतरी पुरून, मंत्र म्हणून ती करतो. अझांदेंकडे अशा गोष्टीला वेगळा शब्द आहे, ‘ङ्गुआ’, म्हणजे औषध, मंत्रतंत्र, त्यात चांगलंही येतं आणि वाईटही. वाईटासाठी वापरलेला ङ्गुआ म्हणजे आपली करणी, मूठ मारणं वगैरे. मंगूमधे करायचं काहीच नसतं, ना मंत्र ना विधी. ती पोटातली एक वस्तू आहे, आतड्याजवळ असते म्हणतात, बापाकडून मुलाला नि आईकडून मुलीला येते, पूर्वी तर माणूस मेल्यावर पोट फाडून ती आहे की नाही बघायचे. म्हणजे मंगू असतो, करता येत नाही. त्या हिशोबाने दृष्ट जवळची वाटते कारण दृष्टही ‘लागते’, लावणारा काही करत नाही, कधीकधी त्याला ठाऊकही नसतं, सख्ख्या आईचीही लागते. मंगूचंही तसंच, दुसऱ्याबद्दल बोलताना म्हणणार की त्याला सगळं माहीत आहे आणि तो मुद्दाम करतोय पण स्वतःचं नाव आलं की प्रत्येकजण म्हणतो मला तर कल्पनाच नव्हती. कौलात नाव निघालं की त्या माणसाकडे मेलेल्या कोंबडीचा पंख घेऊन निरोप्या जातो, आणि तो माणूस चिडत-भांडत बसत नाही, तोंडात पाणी घेऊन त्या पंखावर फुंकतो आणि म्हणतो की माझ्या पोटात मंगू असेल तर तो थंड होवो, त्या आजाऱ्याचं बरं होवो. मला हा प्रसंग फार आवडतो, माणसाने माणसाला मान राखून मागे फिरायला दिलेली वाट आहे ती. पण दृष्ट शब्द तरी पूर्ण बसेल का? दृष्ट मीठमोहऱ्यांनी उतरते, तिने सहसा माणूस मरत नाही. अझांदेंच्या मते तर जवळपास प्रत्येक मरणामागे मंगू असतो. शिवाय दृष्ट वारशाने येत नाही. माझं मत, मंगू हाच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळीत समजावून सांगा, वाचक पुढे आपोआप सरावतो.

प्रतिसाद :

वर ‘कौलात नाव निघालं’ असं सहज लिहिलंय ते मला फार बरं वाटलं. बऱ्याच ठिकाणी ओरॅकलचं, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळवायच्या साधनाचं, भाषांतर देववाणी किंवा भविष्यवाणी असं केलेलं असतं ते चूक आहे, इथे कोणी बोलत नाही नि भविष्य सांगत नाही. मी सिंधुदुर्गातला, आमच्याकडे देवाला कौल लावतात, मूर्तीला कळ्या-पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. अझांदेंचा ‘बेंगे’ असाच हो-नाहीचा आहे. बेंगे म्हणजे एका वेलीपासून केलेली लाल पूड, विष असतं ते, काँगोच्या बाजूने आणावं लागायचं. ते पाण्यात कालवून कोंबडीच्या पिल्लाला पाजायचं आणि त्या विषालाच उद्देशून प्रश्न टाकायचा की अमक्याच्या मंगूमुळे हा आजारी असेल तर पिल्लू मार, नसेल तर सोड. पिल्लू मेलं तरी तेवढ्यावर निकाल नाही, दुसरं पिल्लू घेऊन प्रश्न उलटा करायचा की खरंच तसं असेल तर आता हे वाचव. पहिलं मेलं आणि दुसरं जगलं तरच ‘हो’चा कौल पक्का. दोन्ही मेली किंवा दोन्ही जगली तर कौल लागलाच नाही. आमच्याकडेही कौल मनासारखा स्पष्ट नसला की परत लावतात. फरक एवढाच की आमचा कौल देवाचा असतो आणि बेंगेच्या मागे देव नाही, पण आपण ‘जनतेचा कौल’ही म्हणतोच की, त्यामुळे शब्दाला अडचण नाही. आणि इव्हान्स-प्रिचर्डने स्वतः तिथे घर चालवताना बेंगेचा कौल घेऊन व्यवहार केले, आणि घर चालवायची ही पद्धत दुसऱ्या कुठल्याही पद्धतीइतकीच समाधानकारक वाटली असं लिहून ठेवलं. हे वाक्य देववाणी शब्द घालून वाचून बघा, खोटं वाटतं.

प्रतिसाद :

चेटूक, चेटकीण, डाकीण हे शब्द टाळाच असं माझंही म्हणणं, पण कारण वेगळं आहे. मी बरीच वर्षं सातपुड्याच्या भागात काम केलंय. तिथे एखाद्या बाईला डाकीण म्हटलं की तिचं गावातलं जगणं संपतं, मारहाण होते, जीव जातो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला त्यामागे असल्याच गोष्टी आहेत. तो शब्द अझांदेंच्या मंगूवाल्याला लावला की वाचकाच्या डोक्यात तीच मारहाण येणार, आणि अझांदेंकडे बहुतेक वेळा पंख, पाण्याची फुंकर आणि शेजारधर्म यावर भागत होतं. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मुळीच म्हणत नाही, मरणाचा बदला घ्यायचे, इंग्रज येण्याआधी भरपाई किंवा भाल्याने, नंतर गुपचूप मंत्रतंत्राने. पण दोन्हीकडची माणसं वेगळी आहेत आणि एकाच शब्दात कोंबली की दोघांवरही अन्याय होतो. अजून एक, ‘अंगात मंगू असणे’ असं लिहू नका, अंगात म्हटलं की मराठी वाचक अंगात येणंच समजतो, घुमणं, वारं. ‘पोटात मंगू असलेला’ लिहा.

मूळ प्रश्नकर्ती :

सगळ्यांचे खूप आभार, पोटात मंगू असलेला हे तर लगेच घेतलं. मंगू तसाच ठेवते आणि ओरॅकलला कौल. इव्हान्स-प्रिचर्डच्या पुस्तकातला कोठाराचा प्रसंग आता असा लिहिलाय, बघा बरं : धान्याचं कोठार लाकडी खांबांवर उभं असतं, उन्हाच्या वेळी माणसं त्याच्या सावलीला बसतात, गप्पा मारतात, खेळतात. खांबांना वाळवी लागते आणि एक दिवस कोठार कोसळून माणसं जखमी होतात. वाळवीने खांब खाल्ले हे अझांदेंना पक्कं माहीत आहे आणि ऊन होतं म्हणून माणसं बसली होती हेही. पण हीच माणसं खाली असताना नेमकं त्याच वेळी का कोसळलं, याचं उत्तर मंगू. त्यासाठी ते ‘उंबागा’ म्हणतात, म्हणजे दुसरा भाला. शिकारीत पहिला भाला मारणारा आणि दुसरा मारणारा दोघं मिळून जनावर पाडतात, तसं वाळवी पहिला भाला आणि मंगू दुसरा. इथे चेटूक घालून वाचलं तर सगळी माणसं अडाणी वाटायला लागतात, मंगू ठेवलं की विचार करणारी वाटतात, मला तरी.

आता एकच उरलं. ‘अबिंझा’ला काय म्हणू? इंग्रजीत विच डॉक्टर आहे. हे लोक ढोलाच्या तालावर नाचतात, औषधं खातात, नाचता नाचता कुणाचा मंगू कुणाला त्रास देतोय ते सांगतात, आजाऱ्याच्या अंगातून वस्तू काढून दाखवतात. इव्हान्स-प्रिचर्ड स्वतः शिकायला बसला नाही, त्याने आपला नोकर कामांगाला पाठवलं.

प्रतिसाद :

भगत. वैदू किंवा मांत्रिक नको, आपल्या ठाणे-पालघरच्या पाड्यांवर भगत कारण शोधतो, औषध देतो, विधीही करतो, हे सगळं एकाच माणसात. आणि कामांगाचा तो प्रसंग घ्याच : आजाऱ्याच्या अंगावर ठेवायच्या लेपात कोळशाचा तुकडा आधीच लपवलेला होता, हा लेप पुढे देता देता इव्हान्स-प्रिचर्डने तो बोटांत हळूच काढून घेतला, आणि कामांगा चाचपडत राहिला, हाताला काहीच लागेना. मग त्याला शिकवणाऱ्या गुरूला ती हातचलाखी नीट शिकवावीच लागली. आणि अझांदेंना हे नवीन नव्हतंच, बरेच भगत लबाड असतात हे ते स्वतःच सांगायचे, सगळेच लबाड असतात असं मात्र त्यांनी कधी मानलं नाही. ‘भगत’ शब्दात मराठी वाचकाला हे दोन्ही लगेच कळतं.

जाता जाता, एकवचन झांदे, अनेकवचन अझांदे. तसंच बिंझा, अबिंझा. तेव्हा ‘एक अझांदे म्हातारा’ असं कुठे लिहिलं असेल तर ‘झांदे म्हातारा’ करा, आणि ‘अबिंझा लोक’मधलं लोक काढलं तरी चालेल.