मदत हवी आहे: 'एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेचे नवे भाग कोणत्या क्रमाने लावू?

२०१६चे ६ आणि २०१८चे १० भाग मित्रांना दाखवायचे आहेत. त्यांनी २००२पर्यंतचे नऊही सीझन पाहिलेत, त्यामुळे विल्यम (स्कलीचा मुलगा) कोण हे सांगावं लागणार नाही. मल्डर-स्कली ही एफबीआय एजंटांची जोडी परतली या आनंदात तेव्हा जे खटकलं नाही, ते आता खटकतंय.

प्रक्षेपणाच्या क्रमात 'होम अगेन'मध्ये स्कलीची आई जाते आणि लगेच 'बॅबिलॉन'चा थिल्लरपणा सुरू होतो. मूळ आखणीप्रमाणे 'होम अगेन' दुसरा आणि 'फाउंडर्स म्युटेशन' पाचवा लावून पाहिला. विल्यमचा धागा छान चढत गेला, पण आईच्या मृत्यूनंतर लगेच 'वेअर-मॉन्स्टर'मधली हसरी स्कली बघवत नाही. तो भाग मात्र गाळणार नाही, सगळ्यांत उत्तम तोच आहे.

'माय स्ट्रगल'चे चारही भाग, म्हणजे दोन्ही सीझनचे पहिले आणि शेवटचे, वगळायचा विचार आहे. दुसऱ्याचा शेवट तिसरा भाग स्कलीला दिसलेलं भविष्य म्हणून मोडीत काढतो, मग दोन्ही कशाला? अडचण 'घूली'ची, म्हणजे २०१८च्या विल्यमवरच्या भागाची. 'माय स्ट्रगल ३' न बघता तो कळेल, की तिसऱ्यातले काही प्रसंग आधी दाखवावेच लागतील? लागणार असतील तर नेमके कोणते?