मदत हवी आहे: बटेर साफ करायला घडीचा चाकू कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहतो. मुरबाडजवळ मामांची शेती आहे, तिथे गावठी कोंबड्यांच्या जोडीला आता बटेर पाळलेत, म्हणजे फार्मवरचे जपानी लाव्हे. रानातल्या तितर-लाव्ह्यांचा इथे विषय नाही. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मी विचारतोय ते फक्त पाळलेल्या, घरी खायच्या पक्ष्यांबद्दल.

पक्षी शेतावरच साफ करायचे आणि बर्फात घालून ठाण्याला आणायचे, अशी पद्धत ठेवली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात आतडी पोटात ठेवून पक्षी गाडीत टाकले तर घरी पोचेपर्यंत मांसाला वास लागतो. पण घरातली सुरी या कामाला फार मोठी. कोंबडीचे तुकडे करायला मामींच्या मोरळीला, म्हणजे विळीला, तोड नाही, मात्र साफ केलेला बटेर भरतो जेमतेम 150 ग्रॅमच्या आसपास. त्याच्या शेपटीखाली अर्ध्या इंचाचा छेद घ्यायचा तर पात्याचं टोक बोटांच्या हुकमात हवं. जरा खोल गेलं की आतडं फाटतं, आणि कलेजीलगतचं पित्त फुटलं तर लागेल तिथलं मांस कडू होतं.

युरोपात पक्ष्यांच्या शिकारीसाठी जे जुन्या धाटणीचे खिशातले चाकू बनतात, त्यात काहींना पात्याबरोबर एक बारीक आकडाही असतो. तो मागच्या बाजूने आत घालायचा, फिरवायचा आणि आतडं ओढून काढायचं, पोट चिरायचं नाही. कल्पना मला फार आवडली. पण तिकडे पक्षी शिजवण्याआधी काही दिवस टांगून ठेवतात, आपण लगेच शिजवतो, शिवाय कलेजी-पेटा हवाच असतो. मग आकड्याचा उपयोग किती?

दुसरा पर्याय ओपिनेल हा घडीचा चाकू. फ्रान्सच्या साव्हॉय भागातला, 1890पासून बनतोय, लाकडी मूठ, 8 नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. 1955पासून त्याला फिरवून पातं अडकवायची कडी आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. कडी नसलेल्या, नुसत्या स्प्रिंगवरच्या चाकूत टोकावर जोर देताना पातं मिटून बोटावर येऊ शकतं, आणि इथे तर हात रक्ता-चरबीने निसरडे झालेले असतात.

अडतंय ते पुढे. कार्बन स्टीलला धार झकास लागते म्हणतात, पण आपल्या पावसाळ्यात गंजाचं काय? लाकडी मूठ पाण्याने फुगते का? सांध्यात गेलेली चरबी कशी काढता? आणि असा चाकू गाडीत ठेवला तर कायद्याने काही अडचण?

चुलीवरची:
दादा, आकडा विसरा. बटेराला छेद दिल्यावर एक बोट आत घालून छातीच्या हाडाला चिकटून वर न्यायचं आणि सगळं एकत्र बाहेर ओढायचं, पित्त शाबूत राहतं. गळ्याजवळची दाण्यांची पिशवी मात्र आधी वरून सोडवून घ्या. चाकूचं काम त्या एका छेदापुरतंच. पंख आणि पाय कात्रीने कापा, हाडावर चाकू घातला की धार गेलीच. पातं 7-8 सेंटिमीटरचं, पातळ आणि टोकदार पुरे. आणि स्टेनलेसच घ्या. आमच्याकडे ऐरोलीत खाडीची हवा आहे, कार्बनचं पातं रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबूस डाग दिसतात.

खाडीकाठचा:
ताईंशी सहमत. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची, भिजली की फुगते आणि पातं उघडता उघडत नाही. म्हणून बादलीत बुडवू नका. पातं उघडं ठेवून साबणाच्या गरम पाण्यात ब्रश बुडवून सांधा घासा, लगेच पुसा, उघडाच वाळवा. मग सांध्यात औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचे एक-दोन थेंब. गोडंतेल नको, ते चिकट होतं.

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र नियमांतली मोजमापं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची आहेत, घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली. पण ठाण्यात पोलीस आयुक्तांचे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37चे मनाई आदेश निघत असतात, त्यात सुरे बाळगण्यावरही बंदी असते. त्यामुळे खिशात घेऊन फिरू नका. कात्री, बर्फाचा डबा यांच्याबरोबर डिक्कीत बंद ठेवा.

धागाकर्ता:
ताई, दादा, मनापासून आभार. मग स्टेनलेस 8 नंबर आणि कात्री, असं ठरवतो. चाकू शेतावरच ठेवेन, म्हणजे ने-आण नको. आता एकच: इतक्या पातळ पात्याला चाकावर धार लावून घेणं मला धोक्याचं वाटतं, तापून पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल. जांभळी नाक्याच्या बाजूला हाताने दगडावर धार लावून देणारं कोणी आहे का? नसेल तर घरी शिकायला कोणत्या नंबरचा दगड आणू?