मदत हवी आहे : गटाचं छापील ग्रंथालय उभारतोय. पुस्तकं आहेत, पण वेळेला पान सापडत नाही

नमस्कार मंडळी,

आमचा अकरा कुटुंबांचा गट आहे. वीज, नेटवर्क, दुकानं हे सगळं काही आठवडे बंद पडलं तरी आपलं आपण निभावता यावं, म्हणून चार वर्षांपासून एकत्र तयारी करतो. पाणी, साठवण, औषधं, अवजारं यांची घडी बऱ्यापैकी बसली. पुस्तकांची मात्र बसत नाहीये. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

छापीलच का, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. सुरुवातीला आम्ही सगळं पीडीएफमध्ये साठवलं होतं. दोन मेमरी कार्डं कपाटात ठेवली, दोन वर्षांनी काढली तर एक उघडेचना. त्या कार्डांत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि नुसतं पडून राहिलं तरी तो भार हळूहळू ओसरतो, हे नंतर कळलं. शिवाय अडचणीच्या दिवसांत फोनमधली बॅटरी निरोपासाठी राखायची की पुस्तक वाचायला खर्च करायची? कागदाला हा प्रश्नच नाही.

आता खरी गोष्ट. सहा महिन्यांपूर्वी आम्ही अठ्ठेचाळीस तासांचा सराव केला. मेन स्विच बंद, फोन एका पेटीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपाचा दांडा एकदम हलका लागायला लागला, पाणी वर येईना. दट्ट्यावरचं कातडी वायसर गेलं असणार, एवढा अंदाज आला. आमच्याकडे पाणीपुरवठ्यावरचं चांगलं जाड पुस्तक आहे, त्यात हातपंपावर अख्खं प्रकरण आहे. पण ते कुणाच्या घरी? वही चाळली तर ज्यांच्याकडे होतं ते कुटुंब बाहेर गेलेलं, घराला कुलूप. ते परत येईपर्यंत अडीच तास गेले. पुस्तक हातात आलं तर सूचीत ‘वॉशर’ नाही, ‘लेदर’ नाही. शेवटी आमच्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने पान न् पान उलटून चित्र शोधलं. त्या पुस्तकात त्याला ‘कप सील’ म्हटलं होतं. दोनच पानं, पण सगळं स्वच्छ दिलेलं: नवं कातडं आधी भिजवून मऊ करा, वाटीचं तोंड वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर पाणी उचललं जाणार नाही. दुरुस्ती वीस मिनिटांत झाली. पान शोधायला तीन तासांहून जास्त लागले. त्या जागी एखाद्याची वाहती जखम असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर पहिला प्रश्न हाच. साधारण ३४० पुस्तकं आहेत. घाबरलेल्या माणसाला, कंदिलाच्या उजेडात, पाच मिनिटांत नेमकं पान मिळावं, अशी मांडणी कशी करायची?

दुसरं, कोणती पुस्तकं काढून टाकायची? बरीचशी लोकांनी दिलेली आहेत. प्रथमोपचाराच्या एका जुन्या पुस्तकात छाती दाबणं आणि श्वास देणं यांचं प्रमाण १५ ला २ आहे. मोठ्या माणसासाठी ते २००५ पासून ३० ला २ झालं. दुसऱ्या पुस्तकात साप चावल्यावर जखम चिरून विष चोखायला सांगितलंय. आज चिरणं, चोखणं, करकचून आवळपट्टी बांधणं यांतलं काहीही करू नका म्हणतात. अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. तिसऱ्यात भाज्या बरणीत भरून नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवायची पद्धत आहे. कमी आंबट पदार्थांत बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूंची बीजं १०० अंशाला मरत नाहीत, दाबाखाली ११६ अंशांच्या आसपास तापमान लागतं. ही तिन्ही मी फळीवरून काढली, तर गटातल्या दोन ज्येष्ठांना फार वाईट वाटलं. पुस्तक टाकायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून कळतं. शिवाय सगळं जुनं वाईट असं अजिबात नाही. सुतारकाम, लोहारकाम, मोट-रहाट, हाताने शिवण यांवरची जुनी पुस्तकं नव्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत, कारण ती यंत्र नसलेल्या माणसासाठीच लिहिलेली होती. लॉगॅरिथमच्या कोष्टकांचं (कॅल्क्युलेटर नसताना मोठे गुणाकार-भागाकार करायचं) एक पुस्तक रद्दीत जाता जाता वाचवलं, ते मी जिवापाड जपतो.

तिसरं म्हणजे ठेवायचं कुठे. निम्मे म्हणतात सगळं एका खोलीत, निम्मे म्हणतात घराघरांत वाटा. एका खोलीत ठेवलेलं एका रात्रीत जळू शकतं, वाटलेलं वेळेला कुलपाआड असतं. दोन्ही बाजूंचं पटतं, म्हणूनच निर्णय होत नाही.

आणि दमट हवा. मागच्या पावसाळ्यात छत गळलं आणि रानवनस्पती ओळखण्याचं रंगीत पुस्तक भिजलं. चकचकीत कागद होता. वाळल्यावर त्याची वीट झाली. पातं घालून पानं सोडवायला गेलो तर चित्रांचे पापुद्रे निघाले.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

बरीच वर्षं ग्रंथालयात काम केलंय, त्यावरून सांगते. तुमचं दुखणं वर्गीकरणाचं नाही, शब्दांचं आहे. फळ्यांसाठी ड्युई दशांश पद्धतीतले (ग्रंथालयात विषयवार आकडे देण्याची पद्धत) मोजके आकडे पुरेत: ६१० वैद्यक, ६३० शेती, ६४० घरकाम, ६९० बांधकाम. अनेक पुस्तकांच्या प्रकाशन-तपशिलाच्या पानावर हा क्रमांक छापलेलाच असतो, तो तसाच कण्यावर चिकटवा. दशांश चिन्हापुढे जाऊ नका, ३४० पुस्तकांना गरज नाही.

खरी मेहनत सामायिक सूचीवर घ्या. एकट्याने करू नका. प्रत्येक घराला पंधरा-वीस पुस्तकं द्या आणि सांगा, ‘अडचण आली तर तुमच्या तोंडी जो शब्द येईल तो लिहा.’ कार्डाच्या माथ्यावर तो शब्द, खाली पुस्तक, आवृत्तीचं वर्ष आणि पान. वर्ष विसरू नका, आवृत्ती बदलली की पानं सरकतात. ‘वायसर’ शोधणाऱ्याला ‘कप सील पाहा’ असं धाडणारं कार्डही हवंच. शिसपेन्सिलीने लिहा, पाण्याने फुटत नाही. सूची पूर्ण झाली की तिच्या अकरा प्रती, घरटी एक.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पहिला, पुस्तकं वापरासाठी आहेत. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या पंपाच्या वेळी नेमका हाच नियम मोडला.

प्रतिसाद २

बांधणीचं काम करतो. पावसाळ्याबद्दल आधी लिहितो, कारण सगळ्यात जास्त पुस्तकं तिथेच जातात. आर्द्रतामापक घ्या आणि आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. ६५-७० वर गेला की बुरशी धरते. फळी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे हवा खेळू द्या. खालची फळी जमिनीपासून वीतभर वर. हवाबंद डब्यात ठेवायचं असेल तर पुस्तक आधी नीट वाळलेलं हवं, नाहीतर ओल तुम्हीच आत कोंडता. सोबत ओल शोषणारं सिलिका जेल.

चकचकीत कागदावर मातीचा लेप असतो. भिजला की तो मऊ होतो आणि वाळताना पान पानाला चिकटतं. म्हणून ओलं असतानाच प्रत्येक पानाआड कोरा कागद घालायला हवा. ते लगेच जमणार नसेल तर पुस्तक पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये टाका, म्हणजे सवडीने एकेक सोडवता येतं. दोन दिवस तसंच राहिलं तर बुरशी. तुमची वीट आता सुटणार नाही, वाईट वाटतं सांगताना.

दान आलेलं पुस्तक थेट फळीवर नको. कीड असेल तर पिशवी घट्ट बंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं.

नवं घेताना कणा वरून पाहा. घडी घातलेल्या जुड्या दिसल्या आणि जुडीच्या मध्ये दोरा असला तर ते पुस्तक पिढ्या टिकेल. नुसतं डिंकाने चिकटवलेलं असेल तर वापराने पानं गळणार. स्वतः छापत असाल तर लेझर प्रिंट काढा, बऱ्याच इंकजेटच्या शाया पाण्याने पसरतात. ती पानं पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, टोनर (लेझर प्रिंटची शाईची पूड) प्लास्टिकला चिकटून अक्षरं उचलली जातात. पॉलीप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. आणि फळी भक्कम करा. ए-४ कागदाचं पाचशेचं एक रीम अडीच किलो भरतं, त्यावरून पुस्तकांच्या वजनाचा अंदाज येईल.

प्रतिसाद ३

रुग्णसेवेत आहे. वैद्यकाच्या बाबतीत भिडेखातर काही ठेवू नका. ‘इथे चूक आहे’ अशी पट्टी लावून पुस्तक फळीवर ठेवलं, तर हात थरथरत असताना ती पट्टी कुणी वाचत नाही. ज्येष्ठांचा मान राखायचा तर ती पुस्तकं वेगळ्या बंद कपाटात ठेवा आणि सूचीत त्यांचं एकही कार्ड नको. डेव्हिड वर्नर यांचं ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ डॉक्टर नसलेल्या गावांसाठीच लिहिलेलं आहे, चित्रांतून समजावतं. घ्या, पण सुधारित आवृत्तीच घ्या.

काही गोष्टी पुस्तकात नकोतच, भिंतीवर हव्यात. जुलाबावरचं पाणी: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रत्येक घरात लावा.

रानातलं खाण्याजोगं ओळखण्याची नवी पुस्तकं घेताना लेखक कोण ते तपासा. २०२३ मध्ये न्यूयॉर्क मायकोलॉजिकल सोसायटीने (अळंबी-बुरशीच्या अभ्यासकांची संस्था) अळंबीच्या अशा पुस्तकांबद्दल सावध केलं होतं, जी संगणकाने लिहिल्यासारखी दिसत होती. तिथे एक चूक म्हणजे जीव.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल सगळ्यांना बसवून हा धागा मोठ्याने वाचून दाखवला.

जागेचं असं ठरलं: मूळ पुस्तकं एका खोलीत, किल्ली तीन घरांत. वैद्यक, पाणी आणि आग या विषयांची पाच पुस्तकं मात्र दोन-दोन प्रतींत, दुसरी प्रत गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या तीन पुस्तकांसाठी बंद कपाट दिलं, आणि वाईट वाटलेल्या त्या दोन ज्येष्ठांपैकी एकांनीच स्वतःहून किल्ली मागून घेतली.

सूचीचं काम सुरू झालंय. पंपाच्या त्या कातड्यासाठी पाच शब्द आले: वायसर, वॉशर, चकती, बकेट, कातडं. पाचही कार्डं केली. पण ‘ताप’ या एका शब्दाखाली चाळीसच्या वर पानं जमली आहेत आणि त्यात नेमकं कुठे बघायचं ते कळत नाही. ग्रंथालयवाल्या ताई, अशा शब्दाची फोड लक्षणांवरून करावी, वयावरून करावी, की आधी किती दिवसांचा ताप यावरून? तुमच्या उत्तरासाठी ते एक कार्ड कोरं ठेवलंय.