पुरवणी करारात नवी अट आली की जुन्या हक्काचं काय होतं?

चेंबूरकर:
आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट रखडलंय. मूळ करारातली ताब्याची तारीख उलटून गेली, मधे बिल्डरने पर्यायी घरासाठी द्यायचं भाडंही आठ महिने थकलं. आता बिल्डरने पुरवणी करार पुढे केलाय. मुदत १८ महिन्यांनी वाढणार, भाडं महिन्याला ३,००० रुपयांनी वाढणार. आणि शेवटून दुसऱ्या पानावर कलम ११: 'आजपर्यंतच्या विलंबाबाबत सभासदांचा कोणताही दावा उरणार नाही.' कमिटी म्हणते, मूळ करार तसाच आहे, दोन-चार अटी वाढल्यात एवढंच. मला हे अजिबात मान्य नाही. करार कायदा, १८७२ चं कलम ६२ बघा: दोघांच्या संमतीने करार बदलला की जुन्या अटीला धरून बसता येत नाही. कलम ६३ तर आणखी पुढचं. आपलं येणं सोडून द्यायला आपल्या कायद्यात मोबदलाही लागत नाही. सही केली की सोडलं. म्हणून कोणीही सही करू नये असं माझं ठाम मत आहे.

मुलुंडचा सेक्रेटरी:
आणि सही नाही केली तर? बँक पुढचं कर्ज देताना वाढीव मुदतीचा नोंदणी केलेला कागद मागते. तो नसेल तर काम बंद. मग टर्मिनेशनची नोटीस, लवाद, कोर्ट, नवं टेंडर. आमच्याकडच्या एक आजी तिसऱ्यांदा भाड्याचं घर बदलताना देव्हारा मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसल्या होत्या. त्यांना विलंबाची भरपाई नको, घर हवंय. आम्ही सही केली. आज आमचा नववा स्लॅब पडलाय.

अंधेरीहून:
एवढं घाबरायचं कशाला? सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत असं सांगितलंय. सही करा, पुढे भांडा.

दिवाणी वकील:
अंधेरीहून, हा सल्ला धोक्याचा आहे. त्या प्रकरणात फ्लॅट घेणाऱ्यापुढे बिल्डरचा छापील करार होता, ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून पर्याय नव्हता. इथे सर्वसाधारण सभेत चर्चा होऊन, ठराव होऊन सही होणार. 'आमच्यावर लादलं' हे सिद्ध करताना दमछाक होईल.

चेंबूरकर, तुमच्या कलम ११ बद्दलच्या रागाशी मी पूर्ण सहमत, पण नुसतं सही न करून हक्क वाचत नाही. करार कायद्याचंच कलम ५५ वाचा. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि तुम्ही उशिराचा ताबा निमूट स्वीकारलात, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच 'भरपाई मागणार' अशी नोटीस द्यावी लागते. म्हणून मुदतवाढ द्या, कलम ११ काढा आणि तिथे लिहा: 'ही मुदतवाढ आजवरच्या विलंबाबाबतचे सभासदांचे हक्क अबाधित ठेवून दिली आहे. मूळ कराराच्या इतर अटी कायम राहतील.'

सभेत तोंडी कबूल केलेलं जादा पार्किंगही ह्याच कागदात यायला हवं. नोंदणीकृत करार नंतर तोंडी बदलला, हे सिद्ध करायला पुरावा कायदा परवानगी देत नाही (जुन्यात कलम ९२, नव्यात ९५).

चेंबूरकर:
समजा आत्ता फक्त थकलेल्या भाड्याचा दावा लावला. विलंबाची भरपाई त्यात नंतर घालता येईल ना?

दिवाणी वकील:
त्या भरवशावर राहू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ प्रमाणे एका कारणातून निघणारी मागणी एकदाच आणि पूर्ण मागायची. गाळलेल्या भागासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. चालू दाव्यात दुरुस्ती होते, पण सुनावणी सुरू झाल्यावर 'काळजी घेऊनही आधी मांडता आलं नाही' हे कोर्टाला पटवावं लागतं. लवादात नियम सैल आहेत, तरी उशीर केलात तर लवाद नाकारू शकतो.

मुलुंडचा सेक्रेटरी:
वकीलसाहेब, वाक्य छान आहे, पण बिल्डर ते मान्य करणार नाही. आमच्याने केलं नव्हतं.

चेंबूरकर:
तुमच्याने केलं नाही कारण तुमच्या सभेने मागितलं नाही. रविवारच्या सभेत मी ही दुरुस्ती लेखी मांडतोय, आणि आठ महिन्यांचं भाडं सहीच्या आधी खात्यात जमा झालं पाहिजे, हेही.

मुलुंडचा सेक्रेटरी:
भाड्याचं मागा, त्याला माझा पाठिंबा. कलम ११ वर अडून बसलात तर पावसाळ्याआधी काम सुरू होणार नाही, ह्यावर मी ठाम आहे.