'मातब्बर' आणि 'धनदांडगा' : अर्थ एकच का?

शिरोळकडचा प्रश्न: यंदा आमच्या वीस गुंठ्यांतल्या उसाला तुरे फुटले तरी साखर कारखान्याकडून तोड मिळेना. शेजारचा आठ एकरांचा फड मात्र आठवड्यात रिकामा झाला. मी चिडून म्हटलं, "धनदांडगे हायत." वडील म्हणाले, "तसं म्हणू नये. मातब्बर माणूस हाय त्यो." दोन्ही शब्द पैसेवाल्यालाच ना? मग वडिलांना एक चालला, दुसरा का खटकला?

उत्तर: दादा, वडिलांचा कान बरोबर आहे. मातब्बर हा मूळ अरबी 'मुअतबर', म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा. मराठीत येऊन तो वजनदार, पैसेवाला झाला, पण आदर तसाच चिकटून राहिला. सावकाराचंही तेच. 'साव' म्हणजे सज्जन, आजही आपण चोर आणि साव म्हणतो. भाषेनं श्रीमंताला चांगुलपणाचा दाखला आधीच देऊन ठेवलाय, हे मला फार टोचतं.

'दांडगा' एरवी वाईट नाही. दांडगी हौस, दांडगा पाऊस आपण म्हणतोच. पण धनाला जोडला की त्यातली दांडगाई वर येते, पैशाच्या जोरावर दुसऱ्याला मागं सारणं. आणि वापर बघा: धनदांडगे बहुतेक अनेकवचनातच भेटतात, भाषणात, बातमीत. 'धनदांडग्यांच्या घशात जमीन' म्हणताना कुणा एकाकडं बोट जात नाही. ज्याचं घर, बांध आपल्याला माहीत आहे, तो मातब्बर.

आणखी एक उत्तर: वतनदाराशी ताडून बघा. त्याचा अधिकार कागदावर होता, म्हणून तो मोडता आला. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले. सहकारी कारखान्यातही कायद्यानं शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कागदावर वीस गुंठेवाला आणि आठ एकरवाला सारखेच. तोडीचा क्रम लागताना मात्र मातब्बरी चालते, आणि ती कुठल्याच कागदावर नसते. मोडायची तर धरायची कुठं?

शिरोळकर: आता उलगडलं. वडिलांना विचारलं, त्या माणसाला तोंडावर काय म्हणता? म्हणाले, "मालक." आमची जमीन त्यांची नाही, आम्ही त्यांच्याकडं कामालाही नाही. या 'मालक'वर कुणी लिहील का?