सोसायटी ग्रुप: १४ नंबर पार्किंगमधली जीप

कुलकर्णी काकू, बी-२०३: १४ नंबरमध्ये जी जीप आहे तिची पुढची दोन्ही चाकं शनिवारपासून काढून ठेवलीत, खाली विटा लावल्यात. काल आमचा नातू बॉल आणायला तिच्याखाली शिरला होता. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मागच्या वेळीही मीच बोलले, तेव्हा सगळे गप्प बसले होते.

मोहिते, ए-५०१: काकू नमस्कार. गाडी विटांवर नाही, चेसिसखाली लोखंडी घोड्या लावल्यात. विटा फक्त मागच्या चाकांना अडकण आहेत. पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवतोय, दोन दिवसांत आवरतो.

पाटील, सी-४०४: दोन दिवस म्हणजे मागच्या दिवाळीतलेच ना भाऊ 😂

साठे काका, ए-१०२: आरटीओची परवानगी घेतली आहे का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय.

जोशी, बी-१०१: परवानगीचं राहू द्या, १४ नंबर मुळात व्हिजिटर पार्किंग होतं. ते कधी आणि कसं बदललं हे कुणी सांगेल का.

सेक्रेटरी: जोशी साहेब, विषय एकच ठेवूया प्लीज 🙏 तो ठराव झाला तेव्हा तुम्ही मीटिंगला हजर होता.

जोशी, बी-१०१: हजर होतो, सही केली नव्हती.

देशमुख, सी-२०२: अहो पण चालतंय त्या ब्रेकला झालंय काय? ५० वर्षं चाललेच ना

मोहिते, ए-५०१: चाललेत म्हणजे नशिबाने. १९७२ ची सीजे-३बी आहे, ९ इंची ड्रम, सर्किट एकच, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ताम्हिणी घाट उतरताना ड्रम एवढे तापतात की खाली येईपर्यंत पेडल नुसतं खाली जातं नि गाडी काही थांबत नाही, आणि ओढ्यातून काढली की ड्रममध्ये पाणी, मग एक चाक धरतं दुसरं धरत नाही, गाडी सरळ डावीकडे ओढते. डिस्क उघडी असते, लगेच सुकते.

पाटील, सी-४०४: डावीकडे ओढते म्हणूनच गेटचा खांब गेला होता वाटतं 😇

मोहिते, ए-५०१: तो खांब मी दुरुस्त करून दिलाय. पावती ग्रुपवर आहे.

कुलकर्णी काकू, बी-२०३: माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही. मूल गाडीखाली गेलं होतं.

साठे काका, ए-१०२: आरटीओची परवानगी घेतली आहे का? कलम ५२.

शेख चाचा, ए-००३: काकू बरोबर बोलतायत, जागेला दोरी बांध रे मोहिते. आणि ब्रेकच्या जुन्या लायनरची धूळ फुंकू नको, हवाही मारू नको. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, छातीत गेलं की आयुष्यभराचं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. मी दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होतो म्हणून सांगतोय.

कुलकर्णी काकू, बी-२०३: अ‍ॅस्बेस्टॉस????? परवापासून खोकतोय तो!!

सेक्रेटरी: काकू घाबरू नका, खोकला सगळ्या बिल्डिंगलाच आहे, समोरच्या बांधकामाची धूळ आहे ती. तरी मोहिते, दोरी आजच.

देशमुख, सी-२०२: माझ्या बॉनेटवर दोन ठिपके दिसतायत, रंग फुगलाय. ब्रेक ऑइल का? गाडी घेऊन चार महिने नाही झाले

शेख चाचा, ए-००३: ब्रेक ऑइल रंग खातं. कोरडं पुसू नका, पसरेल. भरपूर पाणी ओता, पाण्यात विरघळतं ते.

देशमुख, सी-२०२: भरपूर पाणी. या सोसायटीत. बरं.

मोहिते, ए-५०१: सॉरी देशमुख, पॉलिश माझ्याकडून. चाचा एक अडलंय. कालपासून ब्रेकच्या पाइपमधली एअर काढतोय, अर्धा लिटर ऑइल संपलं, पेडल अजून स्पंजसारखंच. कॅलिपरसाठी, म्हणजे डिस्कला पॅडने चिमटीत धरतो त्या भागासाठी, लेथवर ब्रॅकेट करून घेतलं, ड्रममागच्या बॅकिंग प्लेटच्याच बोल्टवर बसलं, चाक लावून बघितलं तर रिमलाही घासत नाही. मग हवा येतेय कुठून?

शेख चाचा, ए-००३: फोटो टाक. दोन्ही बाजूंचे.

मोहिते, ए-५०१: 📷 📷

शेख चाचा, ए-००३: एअर काढायचा निप्पल खाली कसा? हवा वर जाते बाळा, निप्पल वरच पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसवलायस. अदलाबदल कर.

पाटील, सी-४०४: 😂😂😂 गेलं अर्धा लिटर

शेख चाचा, ए-००३: हसू नका, वर्कशॉपमध्ये पण व्हायचं. अजून ऐक, पेडलने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच आहे का? दोन सर्किटचा टाक. ड्रमवाल्यात आतला व्हॉल्व्ह साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो, तो पुढच्या लाइनला राहिला तर पॅड सुटणार नाहीत, चाक तापेल. आणि तुझा सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली, म्हणून ऑइल परत येऊ नये म्हणून २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लाव. ड्रममध्ये आतून घासणारा शू चाकाबरोबर स्वतःच ओढला जातो, डिस्कमध्ये सगळा जोर पायाचा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर उभं राहून दाबावं लागेल. तुझं पेट्रोल इंजिन आहे ना, मग बूस्टरला इंजिनच्या मॅनिफोल्डवरून व्हॅक्युम मिळेल.

मोहिते, ए-५०१: म्हणजे पार्टसाठी परत नाना पेठ 😐

साठे काका, ए-१०२: ५० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात व्हीए येतं, फी २०,०००. गाडी मूळ रूपात लागते. मोहितेंनी आधी विचार करावा. आरटीओची परवानगी घेतली आहे का?

मोहिते, ए-५०१: काका, त्यात चेसिस, बॉडी, इंजिनचं आहे. तरी जुने ड्रम ग्रीस लावून जपून ठेवलेत, लागले तर परत चढवता येतील. परवानगीचं बघतो.

सौ. मोहिते, ए-५०१: जपून म्हणजे माझ्या वॉशिंग मशीनवर. ते खोकं आजच हलव.

जोशी, बी-१०१: कॉमन एरियात गॅरेजचं काम चालतं का, हा माझा मुद्दा. मग मीही टेरेसवर शेड टाकतो.

सेक्रेटरी: टेरेसचं नाव काढू नका, गळतीचं कोटेशन अजून तुमच्या सहीवाचून पडलंय.

शेख चाचा, ए-००३: रविवारी मी येतो. पेडलवर एक माणूस लागेल, सांगितलं की दाबायचं, सांगेपर्यंत सोडायचं नाही. लांबच्या चाकापासून सुरुवात. मग गाडी उभी ठेवून पाच मिनिटं पेडल दाबून धरायचं, खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. तोपर्यंत गाडी हलवायची नाही, गेटपर्यंतसुद्धा.

कुलकर्णी काकू, बी-२०३: रविवारी सकाळी ९ नंतर. त्याआधी ठोकाठोकी नको. आणि दोरी अजून बांधलेली नाही, मी आत्ताच खाली बघून आले.

साठे काका, ए-१०२: आरटीओची परवानगी

सेक्रेटरी: दोरी वॉचमनकडे दिली आहे. ग्रुप उद्या ८ पर्यंत अ‍ॅडमिन ओन्ली करतोय. पाणी आज ६ ते ७.