मासिकातला अलीकडे आवडलेला लेख कोणता?

राजापूरची_माहेरवाशीण:
आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात मासिकांची वर्गणी वेगळी भरावी लागते, ती मी नेमाने भरते. अंक हाती आला की आधी अनुक्रमणिका, मग लेख, कथा-कविता सवडीने. (संपादकीय बहुतेकदा राहूनच जातं.)

हल्लीच्या अंकांत बरंच चांगलं वाचायला मिळालं, पण कातळशिल्पांवरचा, म्हणजे कोकणात उघड्या खडकावर कोरलेल्या चित्रांवरचा, लेख काही डोक्यातून जात नाही. २०२३ मध्ये रिफायनरीच्या आंदोलनामुळे राजापूर तालुक्यातल्या बारसूचं नाव घरोघरी पोचलं. पेपरात मोर्चे, पोलीस, माती परीक्षण सगळं वाचलं होतं. पण तिथल्या सड्यावर (खडकाळ पठारावर) दोन्ही बाजूंना वाघ आणि मधे उभा माणूस असं चित्र कोरलंय, हे मला कळलं या लेखातून. आणि माझं माहेर त्याच तालुक्यातलं!

लेखकाचं एक फार आवडलं. उघड्या सड्यावर मातीचे थर उरत नाहीत, म्हणून शिल्पांचं वय ठामपणे सांगणं अवघड, असं त्याने सरळ लिहिलंय. उगाच आकडा ठोकून दिलेला नाही.

तुम्हाला असं काही वाचायला मिळालं का? 'आमच्या वेळची दिवाळी' छापाचं नको, ते खूप झालं.

जांभा_चिरा:
ताई, मी रत्नागिरीचा. लेख वाचला, छान आहे, पण फोटो भर दुपारचे वाटतात. ऊन डोक्यावर असलं की जांभ्यातल्या (तिथल्या तांबड्या खडकातल्या) रेघा दिसेनाशा होतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर गेलं की खाचेत सावली पडते आणि उक्षी गावचा कोरलेला हत्ती सोंडेसकट उठून दिसतो. कशेळीचा तर अवाढव्य, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. २०२२ पासून कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावरच्या जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींबद्दल मात्र लेखात एकच ओळ, ते खटकलं.

रद्दीवाला_नाना:
नशीबवान आहात. मी घेतो त्या मासिकात निम्मे लेख आधी फेसबुकवर वाचलेले असतात. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे वाचकाला जाडजूड अंकाची सवय आहे, पण पानं भरायची म्हणून काहीही छापायचं? दिवाळी अंक तेवढे घेतो. होळीपर्यंत पुरतात.

दोघांची_आई:
मुलांसाठी म्हणून बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक नेटवर उघडले, १९७१ पासूनचे आहेत, फुकट. मुलं दहा मिनिटांत पळाली, मीच वाचत बसले. अलीकडचं नाही, पण माझ्यासाठी नवंच की!

राजापूरची_माहेरवाशीण:
नाना, अहो निदान एकदा वाचनालयात बसून चाळा, विकत घेऊ नका. @जांभा_चिरा, देवाचे गोठणे गावच्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते, असं त्या लेखाच्या चौकटीत दोनच ओळींत होतं. खरं का? मे महिन्यात जाणार आहे.

जांभा_चिरा:
खरं आहे. शिल्पाजवळ सुई उत्तर सोडते. साधं सुईचं होकायंत्र न्या, मोबाइलवर विसंबू नका. भार्गवरामाच्या देवळापाशी चौकशी करा, वाट कुणीही दाखवेल. मे मध्ये सडा तापतो, पाणी भरपूर ठेवा. आणि शिल्पावर चपला घालून चढायचं नाही, एवढं मुलांना आधीच सांगा.